स्टिकरच्या वर

"सापडली, ओपल! सापडली गं!"

सकाळचे सात वाजले होते, तव्यावर अंडी होती, आणि वर्ना फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडली की माझा कुत्रा टेबलाखाली जाऊन बसला. काय सापडली, हे विचारायची गरजच नव्हती. गेले तीन महिने ही बाई उठल्याबरोबर कॉम्प्युटरपुढे बसायची आणि देशभरातल्या गाड्यांच्या दुकानांच्या जाहिराती चाळायची. तिला एक ट्रक हवा होता. तसला कुठलाही नव्हे, तोच एक. त्याचा सतरा अक्षरी क्रमांक तिला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ होता.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"टेनेसीत. अडीच तासांवर. ओपल, तुझी गाडी काढ. येताना मी तो ट्रकच चालवत येणार."

मी अंडी कुत्र्याला घातली आणि निघाले.

आता हा ट्रक कोणता ते सांगते. लुईव्हिलच्या ट्रकच्या कारखान्यात वर्ना टॅकेट आणि मी बावीस वर्षं समोरासमोर उभ्या होतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तिचं, पलीकडचं माझं. साखळीला टांगलेली दारं आमच्यापुढून सरकत जायची आणि प्रत्येक दाराला आम्हाला एकोणपन्नास सेकंद मिळायचे. तेवढ्यात दाराच्या आतलं पॅनेल चढवायचं, नऊ क्लिपा मुठीने ठोकून बसवायच्या, दोन स्क्रू पिळायचे, आणि उरलेल्या वेळात सगळ्या खात्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. आम्ही दोघी एकमेकींशी जेवढं बोललो तेवढं नवऱ्यांशीही बोललो नसू.

आमच्याकडे एक रीत होती. कुणी निवृत्त झालं की त्याच्या हातून जाणाऱ्या शेवटच्या गाडीवर सगळ्यांनी सही करायची. उघड्यावर नाही, पॅनेलच्या पाठीवर. एकदा पॅनेल बसलं की ते कुणाला दिसत नाही. गाडी कुठेतरी जाते, कुणीतरी ती चालवतं, आणि आपण कुणाची नावं घेऊन हिंडतोय हे त्याला जन्मात कळत नाही. साहेबांना हे ठाऊक असायचं, पण नेमके त्याच वेळी ते दुसरीकडे बघायचे.

फेब्रुवारीत वर्नाचा शेवटचा दिवस होता. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी तिचा नवरा ड्यूई आला. तो दुरुस्तीच्या खात्यात होता. त्याने पांढरं मार्कर घेतलं, आमच्याकडे पाठ केली, खांदे वाकवून काहीतरी लिहिलं, आणि वर्नाला बघूही न देता पॅनेल स्वतःच दारावर चढवलं. धाड धाड ठोकलं.

"काय लिहिलंस रे?" वर्ना म्हणाली.

"गाडी घेतलीस की वाच."

"मी कशाला घेतेय? कुठे जाईल ती गाडी कुणास ठाऊक!"

"मग राहिलं," असं म्हणून हा माणूस शीळ घालत निघून गेला. त्या दिवसापासून ती त्याच्या मागे लागली. जेवताना विचारायची, झोपताना विचारायची. तो फक्त हसायचा.

त्या वर्षी गाड्यांना लागणाऱ्या कॉम्प्युटरच्या चिप्स मिळेनाशा झाल्या होत्या. आमचे हजारो ट्रक सगळे तयार होऊन, एका चिपवाचून, रेसच्या ट्रॅकजवळच्या मैदानात रांगा लावून उभे होते. वर्नाचा ट्रकही त्यांच्यातच असणार. आम्ही हायवेवरून जाताना ड्यूई हात हलवायचा. "ती बघ तुझी, तिसऱ्या रांगेत," म्हणायचा. जुलैत एका सकाळी तो टोमॅटोच्या वाफ्यात बसल्या जागी गेला. हातात पाण्याची नळी तशीच वाहत होती. वर्नाला ती बंद करायचं सुचलंच नाही, शेवटी मीच केली.

तेव्हापासून तिचा हा शोध सुरू होता. आणि आज तो ट्रक सापडला होता.

वाटेत मी तिला पढवून ठेवलं. "हे बघ वर्ना, तिथे गेल्यावर तोंड दगडासारखं ठेवायचं. गाडी आवडली असं दाखवायचं नाही. रंग बरा नाही म्हणायचं. सह्यांचा तर शब्दही काढायचा नाही, नाहीतर तेवढ्याचेही पैसे लावतील."

"मला काय शिकवतेस? मी ड्यूईबरोबर गाड्या घेतल्यात."

"ड्यूईबरोबर तू गाड्या घेतल्या नाहीस, दुकानांतून बाहेर पडलीस."

यावर ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. खोटं नव्हतंच ते. पायपुसण्यांचे वेगळे पैसे लावले म्हणून ड्यूई एकदा सही अर्धी ठेवून उठला होता. त्याच्या आडनावाचा 'टॅ' त्या कागदावर अजून असेल. कारखान्याने काचेवर चिकटवलेला किमतीचा कागद, ज्याला आमच्याकडे सगळे स्टिकर म्हणतात, तो त्याच्यासाठी बायबलच्या खालोखाल होता. त्यावरच्या आकड्याच्या वर जो मागतो तो चोर, आणि जो देतो तो मूर्ख, एवढं साधं त्याचं गणित.

हॅस्किन्स मोटर्स हे दुकान हायवेला लागूनच होतं. मैदान जवळजवळ रिकामं. त्या वर्षी सगळ्याच दुकानांची तीच अवस्था होती, गाड्याच मिळत नव्हत्या, म्हणून तर दुकानदार माजले होते. आत फुगे, पॉपकॉर्नचं मशीन, आणि मधोमध एकुलता एक ट्रक, मरून रंगाचा.

मी वर्नाचा दंड धरला. "दगड," मी कुजबुजले.

"दगड," ती म्हणाली, आणि तीरासारखी जाऊन ड्रायव्हरच्या दाराला गाल लावून उभी राहिली.

मी डोळे मिटले. आमचं काम तिथेच आटोपलं होतं.

गारलंड नावाचा विक्रेता पुढे आला. पन्नाशीचा, गोलमटोल, कपाळावर घाम. खिशात काचांवर किमती लिहायचं जाड पांढरं मार्कर. माणूस वाईट दिसत नव्हता. "वर्नाबाई, ओपलबाई, बसा ना, कॉफी घ्या," म्हणाला. आमच्या बाजूला असंच बोलतात, नाव विचारलं की लगेच बाई जोडून हाक मारायची.

मी कॉफीला गेले नाही. मी काचेकडे गेले. तिथे कारखान्याचा स्टिकर होता: एक्कावन्न हजार. आणि त्याला चिकटून, तसाच छापलेला, त्याच आकाराचा, दुकानाचा दुसरा कागद होता. चाकांत नायट्रोजन भरल्याचे दोनशे. दारांच्या कडांना रबराची पट्टी, चारशे. आणि खाली 'बाजारभावानुसार वाढ', बारा हजार.

"गारलंड, या चाकांत काय भरलंय? हवाच ना?" मी विचारलं.

"नायट्रोजन, ओपलबाई."

"आपण आत्ता श्वास घेतोय त्यात सगळ्यात जास्त काय असतं, माहीत आहे का तुला?"

तो खाली बघायला लागला. माहीत असावं.

"आणि ही पट्टी? बारा डॉलरला मिळते. मी बावीस वर्षं दारं केली आहेत. या दारांना पट्टी लागतच नाही."

"ओपलबाई, भाव मी लावत नाही. भाव आतले लावतात." त्याने काचेच्या खोलीकडे मान वळवली. तिथे मालक हॅस्किन्स पाय टेबलावर टाकून फोनवर हसत होता.

आमच्यासारख्या कारखान्यातल्या पेन्शनरांना सवलतीचा एक क्रमांक मिळतो. वर्नाने तो पुढे केला. गारलंड आत गेला, बाहेर आला. "या गाडीला तो चालणार नाही म्हणतायत." मी म्हटलं, निदान स्टिकरच्या भावाने द्या. तो आत गेला, बाहेर आला. मी म्हटलं, हवा काढून घ्या आणि तिचे पैसे कमी करा. या वेळी आत जाताना त्याने हसू दाबलं, ते मला दिसलं.

मग हॅस्किन्स स्वतः आला. चकचकीत बूट, पांढरेशुभ्र दात.

"बाईसाहेब, तुम्हाला खरं सांगू? नॅशव्हिलचा एक कंत्राटदार बारा वाजता येतोय. पूर्ण भाव द्यायला तयार आहे. तुम्ही आधी आलात म्हणून मी तुम्हाला विचारतोय."

हा नॅशव्हिलचा माणूस या देशातल्या प्रत्येक दुकानात रोज बारा वाजता येत असतो. मला ते ठाऊक होतं, वर्नालाही होतं. पण तिने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"देते," ती म्हणाली.

"काय?" मी.

"पूर्ण देते. कागद तयार करा."

मी तिला ओढत पॉपकॉर्नच्या मशीनमागे नेलं. मला इतका राग आला होता की माझे कान तापले होते. "वेड लागलंय का तुला? बारा हजार! कुठून देणार?"

"ड्यूईच्या विम्याचे आहेत."

"अगं, त्याला कळलं असतं तर तो..."

"त्याचेच पैसे, त्याचंच अक्षर!" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ओपल, माझ्या घरी त्याचं अक्षर म्हणजे टोमॅटोच्या बरण्यांवरच्या तारखा. बाकी काही नाही. तो कधी पत्र लिहायचा नाही. हे एवढं एकच वाक्य त्याने माझ्यासाठी लिहिलंय, आणि ते त्या दारात आहे. तो नॅशव्हिलवाला खरंच आला तर?"

मी तिच्या हातात मूठभर पॉपकॉर्न कोंबले. तिने ते खाल्लेही.

कागद व्हायला अर्धा तास लागणार होता. हॅस्किन्स आता मधासारखा गोड झाला होता. "तोवर चालवून बघा ना! गारलंड, जा यांच्याबरोबर." काचेचं मोठं दार सरकवून त्यांनी ट्रक बाहेर काढला. वर्ना स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी, गारलंड मागे.

हायवेवर तिने वेग घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जुलैपासून पाहिलं नव्हतं. खिडकी खाली, केस उडतायत, ही बाई गातेय! गारलंडही मागे ठेका धरायला लागला. मला वाटलं, जाऊ देत बारा हजार. मरू देत. तिला हे मिळतंय ना.

आणि तेवढ्यात आवाज आला.

टक. टक टक. टक.

वर्नाचं गाणं थांबलं. तिने काच वर केली. टक टक.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"रस्त्याचा असेल," गारलंड म्हणाला.

"रस्त्याचा नाही. दाराचा आहे." तिचा आवाज बदलला होता. कारखान्यात तपासनीस दार परत पाठवायचा तेव्हा असा व्हायचा. बावीस वर्षांत अशी तीनच दारं परत आली होती आणि त्यांतलं एकही तिचं नव्हतं. माझी होती तिन्ही. "ओपल, माझं दार वाजतंय."

"एखादी क्लिप बसली नसेल."

"माझी क्लिप बसली नसेल? माझी?"

"तू कुठे बसवलीस?" मी म्हटलं. "ते पॅनेल ड्यूईने ठोकलं होतं."

क्षणभर गाडीत फक्त टक टक चाललं. मग वर्ना खदाखदा हसायला लागली. "त्याला सांगितलं होतं मी! वरच्या कोपऱ्यातली आधी बसवायची, मग खालची. ऐकेल तर शपथ! आता हा माणूस माझं नाव बद्दू करणार!" तिने करकचून ब्रेक लावला आणि ट्रक एका चर्चच्या रिकाम्या आवारात घातला.

"काय करताय, वर्नाबाई?"

"दार नीट करतेय. वाजणारं दार माझ्या हातून गेलेलं नाही आणि जाणार नाही."

"पण गाडी अजून आमची आहे!"

"दार माझं आहे."

गारलंड खाली उतरून आमच्याभोवती फिरायला लागला. "मालक मला काढून टाकतील हो, मोडलं तर काय..."

"गारलंड, खिशात चावीच्या जुडग्याला स्क्रूड्रायव्हर असेल तर दे, नाहीतर घड्याळ बघ," मी म्हटलं. "एकोणपन्नास सेकंद लाव."

त्याने छोटा स्क्रूड्रायव्हर दिला आणि बिचाऱ्याने खरंच घड्याळ लावलं. वर्नाने कोपरापर्यंत बाह्या सारल्या. पहिला स्क्रू माझ्या तळहातावर पडला, मग दुसरा. तिने बोटं खालच्या कडेत घातली, आणि फट फट फट, क्लिपा सुटत गेल्या. मी न सांगता पलीकडून धरलं, तिने वर उचललं, मी काचेच्या बटणाची वायर सोडवली. आमचे हात एकमेकांत कुठेही अडकले नाहीत. सांधेदुखीचं नाव नव्हतं.

"एकवीस सेकंद," गारलंड हळूच म्हणाला.

पॅनेल आमच्या हातांत होतं. तेव्हा कुठे वर्नाच्या लक्षात आलं की आपण काय केलं आहे. ती दार दुरुस्त करायला उतरली होती, देवाशपथ सांगते, बाकी सगळं विसरली होती. आता ती पॅनेल उलटं करेना. घट्ट धरून उभी राहिली.

"तो म्हणाला होता, घेतल्यावर वाच," ती म्हणाली.

"कागद झालेच असतील एव्हाना. घेतल्यासारखीच आहे."

तिने पॅनेल उलटं केलं.

आमच्या सगळ्यांच्या सह्या होत्या. माझी मोठी, वेडीवाकडी. आणि खाली कोपऱ्यात, बरण्यांवर असतं तसं बारीक, उभट अक्षर. वर्नाने ते मोठ्याने वाचलं.

"वर्ना, स्टिकरच्या वर काही दिलं नाहीस ना? खरं सांग. ड्यूई."

मी आधी हसले की आधी रडले ते मला आठवत नाही. वर्ना चर्चच्या आवारात ते पॅनेल छातीशी धरून गरागरा फिरली. "मेला! मेला कंजूष! पाच महिने मी जीव खाल्ला त्याचा, काय लिहिलंस, काय लिहिलंस म्हणून! मला वाटलं, काही प्रेमाचं असेल!" आणि तेच अक्षर बोटाने पुन्हा पुन्हा गिरवत होती. गारलंडने टोपी काढली होती. त्याचं नाक लाल झालं होतं.

मग ती एकदम थांबली. "गारलंड, ते मार्कर दे."

त्याने खिशातलं पांढरं मार्कर काढून दिलं. तिने आमच्याकडे पाठ केली, खांदे वाकवले, अगदी त्याच्यासारखे, आणि काहीतरी लिहिलं. मला दिसलं नाही. पॅनेल वर चढवलं. आधी वरचा कोपरा, मग खालचा. नऊ ठोके. दोन स्क्रू.

परत येताना मी कान देऊन ऐकत होते. दार वाजत नव्हतं.

दुकानात हॅस्किन्स कागद पसरून, पेन उघडून बसला होता. "कशी वाटली गाडी?"

"उत्तम," वर्ना म्हणाली. "दार तर फारच छान. स्टिकरच्या भावाने देता का? आत्ता चेक फाडते."

"बाईसाहेब, आपलं ठरलं होतं. बारा वाजता तो..."

"स्टिकरच्या वर एक डॉलर नाही."

"दहा हजार करतो."

तिने चाव्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले. आम्ही पॉपकॉर्नपर्यंत पोचलो तेव्हा तो आठवर आला होता. दारापाशी सहावर. मी माझ्या जुन्या खटाऱ्याला चावी लावत होते तेव्हा तो चकचकीत बूट घालून मैदानातून पळत आला आणि काचेवर टकटक करायला लागला. "तीन! वर्नाबाई, फक्त तीन हजार, आणि नायट्रोजन फुकट!"

माझा हात थबकला. तीन हजार! मला वाटलं, घे गं बाई, आता घे. पण वर्नाने काच दोन बोटं खाली केली, एवढंच म्हणाली, "तो नॅशव्हिलवाला आला की त्याला सांगा, दार जपून लाव," आणि काच वर केली. मागे गारलंड दुकानाच्या पायरीवर उभा राहून आम्हाला हात हलवत होता. मालकाचं लक्ष नव्हतं हे बरं.

हायवेला लागल्यावर मला राहवेना. "तीन हजारांसाठी सोडलीस? आता पुन्हा कधी दिसणार नाही ती गाडी."

"माहीत आहे."

"काय लिहिलंस त्याच्याखाली?"

ती खिडकीबाहेर बघत होती. बोटांवर पांढरा रंग लागला होता, तो तिने पुसला नव्हता.

"'एक डॉलरही नाही,' असं लिहिलं."

"अगं, पण लिहिलंस तेव्हा तर तिकडे पूर्ण भावाचे कागद तयार होते! तू देणारच होतीस!"

"होते ना देणार," वर्ना म्हणाली. "पण त्याने खरं सांग म्हटलं होतं, ओपल. आणि मी लिहून बसले होते. मग काय करू?"

मग तिने पुन्हा तेच गाणं धरलं, आणि मी तिच्याबरोबर बेसूर ओरडायला लागले. तो ट्रक आज टेनेसीत कुणीतरी चालवत असेल. त्याने त्याचे किती दिले देव जाणे. पण त्याचं दार कधी वाजणार नाही, एवढं मी लिहून देते.